गाडीची उंची

आमच्या घरी एक जुनी अॅम्बेसेडर आहे. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या धर्तीवर ही गाडी कलकत्त्याजवळ उत्तरपारा येथे बनत असे. २०१४ साली ते उत्पादन थांबले. आमची गाडी त्याच्याही पुष्कळ आधीची. अण्णांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, ती घेतली तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हां दोघा भावांच्या डोक्यात एक खूळ शिरले. जमिनीलगत दबा धरून बसलेल्या मोटारींची चित्रे आम्ही पाहिली होती. त्यांच्यापुढे आमची गाडी म्हणजे धोतर वर खोचून चिखलातून चालणारे वृद्ध गृहस्थच वाटू लागली! काकांचे मन वळवून आम्ही ती मेस्त्रींकडे नेली.

या गाडीच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार असतात. पीळ सोसून धक्का जिरवणाऱ्या त्या पोलादी दांड्या. मागे एकावर एक रचलेले पोलादी पाटे असतात. मेस्त्री म्हणाले, "उंची कमी करायची तर पाटे आणि शॉकअब्सॉर्बरही त्या मानाचे हवेत." परंतु आमच्याजवळ पैसे थोडे व घाई फार. पुढच्या दांड्यांची बैठक बदलली, मागच्या प्रत्येक जुडीतला एक पाटा काढला आणि गाडी दोन इंच खाली आली. गल्लीतली मुले भोवती जमली. आम्ही धन्य झालो.

तिसऱ्या दिवशी आजीला गुडघ्यांच्या उपचारासाठी दवाखान्यात न्यायचे होते. गाडीत पाच माणसे. वाटेतल्या गतिरोधकावर मागचा आस वरच्या रबरी ठोकळ्यावर असा आदळला, की आजी कळवळली. आसन खाली गेल्यामुळे उतरताना तिला दोघांनी धरून उठवावे लागले. "असू द्या रे, माझेच गुडघे म्हातारे झाले," ती म्हणाली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

रात्री अण्णांनी एवढेच विचारले, "गाडी खाली आणलीत, आता रस्ताही खाली आणणार का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही मान खाली घालून मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी समजावून सांगितले, की चाकाला वरखाली होण्यास जी जागा मिळते, तीतच धक्का जिरतो. गाडी खाली आणली की ती जागा आकसते. मग पाटे कडक करावे लागतात. अशी गाडी सपाट रस्त्यावर वळण उत्तम घेते, हे खरे. परंतु पावसाने उखडलेल्या बेळगावच्या रस्त्यांवर तो कडकपणा बसणाऱ्याच्या पाठीला सोसावा लागतो.

काढलेले पाटे परत बसले. थकून सपाट झालेल्या जुन्या पाट्यांना पुन्हा कमान दिली. झिजलेले रबरी बुश व गळके शॉकअब्सॉर्बर बदलले. सायकलीसाठी साठविलेले आमचे पैसे त्यात खर्ची पडले. गाडी दिसण्यात होती तशीच राहिली, पण चालण्यात मात्र पुष्कळ सुधारली.

पुढच्या खेपेस आजी दाराला धरून आपली आपण उतरली. "आज रस्ता बरा होता," ती म्हणाली. रस्ता तोच होता. आम्ही काही बोललो नाही.