दुसरा ठोकळा

पावसाळ्यातील खंडाळ्याचा घाट दिवसा जितका रमणीय, तितकाच रात्री भयाण भासतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 साली पूर्णपणे खुला झाला. त्यापूर्वी मालाचे ट्रक जुन्या रस्त्याच्या नागमोडी वळणांवरून ये-जा करीत. सासवडच्या एका वृद्ध ट्रकचालकास त्या वाटेचे प्रत्येक वळण आजही स्मरते.

1966 साली तो 16 वर्षांचा होता आणि एका ट्रकवर क्लीनरचे काम करीत होता. ड्रायव्हरला तो ‘उस्ताद’ म्हणे. ट्रक टाटा-मर्सिडीज होता. असे ट्रक 1954 सालापासून जमशेदपूरला तयार होऊ लागले होते. त्याचे स्टिअरिंग वळविताना खांदे भरून येत आणि गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबले, तर ते तापून निकामी होत. म्हणून, ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा उस्तादांनी शिकविलेला पहिला धडा होता. दुसरा धडा ठोकळ्याचा. गाडी घाटात थांबली, की क्लीनरने तत्काळ उडी टाकून चाकाखाली बाभळीचा ठोकळा सरकवावयाचा.

भाद्रपदातील एका रात्री सासवडच्या वाटाण्याच्या गोणी घेऊन ते मुंबईस निघाले. त्या काळी मुंबईचा भाजीपाल्याचा घाऊक बाजार भायखळ्यास भरे. वाशीचा खाडीपूल 1973 साली झाला. तोवर पनवेलहून मुंब्रा व ठाणे असा वळसा घ्यावा लागे. हिरवा वाटाणा गोणीत तापतो आणि पिवळा पडू लागतो. पहाटेचा बाजार चुकला, की भाव उतरलाच.

घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. या डोंगरातील वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविली, अशी आख्यायिका आहे. जाणारे-येणारे ड्रायव्हर तेथे हात जोडतात. उस्तादांनीही हात जोडले आणि ट्रक पुढे घेतला. दोनच वळणे उतरल्यावर धुक्यात एक अंधूक दिवा दिसला. चढणीवर एक भरलेला ट्रक अडकला होता. आतून ड्रायव्हर जिवाच्या आकांताने हाका मारीत होता.

त्याच्या ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल तुटला होता. त्यामुळे गिअर गाडीस धरून ठेवू शकत नव्हता आणि हातब्रेकला ते ओझे पेलत नव्हते. त्याचा क्लीनर मदत आणावयास खंडाळ्याकडे चालत गेला होता. ज्या दगडांच्या आधारावर त्याने गाडी ठेवली होती, ते पावसाने निसटले होते. मागे दरी होती. पाय ब्रेकवरून काढला असता, तर गाडी दरीत गेली असती. म्हणून तो मनुष्य कितीतरी वेळ ब्रेक दाबून बसला होता. त्याचा पाय थरथर कापत होता.

“उस्ताद, बाजार चुकेल!” मुलगा म्हणाला.

“बाजार उद्याही भरेल, पोरा. ठोकळा घे आणि पळ!”

“अहो, ठोकळा एकच आहे. आपल्या गाडीला काय लावू?”

“आपली गाडी गिअर धरील. चाकाला दगड मी लावतो. तू पळ!”

मुलाने ठोकळा त्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली घट्ट बसविला. उस्तादांनी मोठमोठे दगड आणून दुसऱ्या चाकाशी रचले. मग त्या ड्रायव्हरने हळूहळू पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. तो खाली उतरला. पण त्यास उभे राहवेना. रस्त्याच्या कडेला चिखलातच तो बसला. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. येणाऱ्या गाड्यांना इशारा म्हणून उस्तादांनी रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकल्या आणि त्याचा क्लीनर परत येईपर्यंत ते तेथेच थांबले. ठोकळा अर्थातच तेथे राहिला.

भायखळ्यास पोहोचले, तेव्हा चांगलेच उजाडले होते. वाटाणा पडेल भावाने गेला. मालकाने जाब विचारला. “घाटात उशीर झाला,” एवढेच उस्ताद म्हणाले. त्या महिन्याच्या पगारातून पैसे कापले गेले. तेही त्यांनी मुकाट्याने सोसले.

सासवडास परतल्यावर त्यांनी मुलास बाभळीचे लाकूड आणावयास सांगितले. मुलाने एक ठोकळा तासला व करवत खाली ठेवली.

“अजून एक,” उस्ताद म्हणाले. “हा आपला. दुसरा वाटेत ज्याला लागेल त्याचा.”

तो मुलगा पुढे स्वतः उस्ताद झाला आणि आता वृद्ध झाला आहे. त्याचा नातू नव्या ट्रकमधून द्रुतगती मार्गाने मुंबईस जातो. त्या ट्रकचे स्टिअरिंग एका हाताने वळते. परंतु निघण्यापूर्वी नातू पाया पडावयास वाकला, की आजोबांचा प्रश्न ठरलेला असतो :

“दुसरा ठोकळा घेतलास ना, बाळ?”