रीलमधला माझा चेहरा

पुण्यात शिकायला आलो तेव्हा अभिनयाची एकच भाषा ठावकी होती. चौकातली. 14 एप्रिलला वस्तीत पथनाट्य करायचो. शेवटच्या माणसाला ऐकू जावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडायचो. पहिल्या स्टुडंट फिल्ममधे तसाच बोललो. दिग्दर्शक पोरगा म्हणाला, "अरे, कॅमेरा हातभर लांब आहे." ते शिकलो. क्लोजअपमधे डोळा हलला तरी बोलणं होतं.

पैसे कुणी देत नव्हतं. चहा, वडापाव आणि एक शब्द : "कॉपी देतो." परीक्षा झाली की फोन उचलत नसत. आता कॉपीचं आधी लिहून घेतो, मग तोंडाला रंग लावतो.

दोन वर्षांत अकरा फिल्मा केल्या. सात हाती आल्या. कामं वाटणारे म्हणाले, रील पाठव. दीड मिनिटाचं. चांगलं ते आधी टाक, पुढचं कुणी बघत नाही. मित्राच्या कॉम्प्युटरवर रात्रभर तुकडे जोडले अन् गप झालो.

हॉटेलातला पोऱ्या. गटार उपसणारा. दारुडा. पोलिसाचा मार खाणारा. वॉचमन. परत पोऱ्या. परत दारुडा. सातांत मिळून वाक्यं चार, त्यातली दोन "जी साहेब." तोंडावर कुणी काही बोललं नाही. "तुझा चेहरा रिअल आहे" एवढंच म्हणायचे.

गावी आईला दाखवलं. सगळं बघून ती म्हणाली, "ह्यात तू कुठं हाईस रं?"

2014 च्या 'कोर्ट'मधे वीरा साथीदारांनी लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला. ते अभिनयाच्या शाळेतून आले नव्हते, चळवळीतून आले होते. 'विद्रोही' मासिक चालवायचे. 2021 साली कोरोनानं गेले. त्यांच्या पात्राला आडनाव होतं, आवाज होता, बाजू होती. माझ्या सात जणांना नाव सुदिक नव्हतं.

मग आम्ही दोघा मित्रांनी मोबाईलवर सीन घेतला. स्कॉलरशिपची खिडकी. साहेब अर्ज परत ढकलतो. पोरगा ओरडत नाही, हात जोडत नाही. म्हणतो, "कारण लिहून द्या." चाळीस सेकंद. तोच रीलच्या सुरुवातीला लावला. दारुडे काढले. गटारवाला ठेवला. त्या कामाची लाज नाही, माझ्या चुलत्यानं जन्मभर ते केलंय. पण तो मान वर करून बघतो, तेवढाच तुकडा ठेवला.

त्यावर एक बोलावणं आलं. वकिलाचा कारकून. वाक्यं नऊ. बाकी अजून पोऱ्याचीच कामं येतात. पोट आहे, काही करतोही. पण रीलमधे काय जाईल ते आता मी ठरवतो.

दोस्तहो, तुमच्यातही कुणी नट असेल. वाट बघू नका. विहाराच्या ओट्यावर सकाळचा उजेड चांगला असतो. एकानं फोन धरायचा, एकानं उभं राहायचं. मग अदलाबदल. सीन मात्र आपला आपण लिहायचा.

जयभीम.