पिवळी जर्सी

माझ्या बहिणीच्या घरी दर दिवाळीला एका जुन्या पिवळ्या जर्सीवरून भांडण होते. साफसफाई निघाली, की बहीण ती जर्सी कपाटाच्या तळातून बाहेर काढते आणि म्हणते, "हिचे आता फडके करू या." हे शब्द कानी पडताच माझा भाचा असेल तेथून धावत येतो, जर्सी आईच्या हातातून काढून घेतो आणि नीट घडी घालून पुन्हा कपाटात ठेवतो. जर्सी बाहीपाशी उसवली आहे, तिचा रंग विटला आहे आणि ज्या संघाची ती जर्सी, तो संघ नाहीसा होऊनही कित्येक वर्षे लोटली आहेत. तरीही तिचे फडके होत नाही.

आम्ही मीरा रोडच्या शांती नगरात राहतो. एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींच्या रांगा, तळमजल्यावर दुकाने आणि सकाळी चर्चगेटची गाडी गाठण्यासाठी लगबगीने निघालेली माणसे, असे आमचे नगर. येथे क्रिकेट खेळणारी मुले गल्लोगल्ली आढळतात. माझ्या भाच्याला मात्र फुटबॉलचे वेड लागले आणि तेही मुंबई एफ. सी. नावाच्या संघाचे. हा संघ २००७ साली स्थापन झाला. मोठी विजेतेपदे त्याच्या वाट्याला आली नाहीत. पण देशातील मोठमोठ्या संघांशी तो चिवटपणे झुंजत असे. दरवर्षी तळाशी जाण्याची वेळ येई आणि दरवर्षी तो कसाबसा तगून राही. खालिद जमील या प्रशिक्षकांनी सात वर्षे त्याची धुरा वाहिली.

एकदा भाचा मला आग्रहाने कूपरेजच्या मैदानावर घेऊन गेला. मीरा रोडहून चर्चगेट आणि तेथून पायी कूपरेज. आमचा संघ हरला. प्रेक्षक मोजकेच होते. पण त्या मोजक्यांनी ढोल वाजवून आणि घोषणा देऊन असा काही गजर केला, की मला आमच्या गावची जत्रा आठवली. सामना संपल्यावर थकलेले खेळाडू या घोळक्यासमोर आले आणि त्यांनी टाळ्या वाजवून प्रेक्षकांचेच आभार मानले. परतीच्या गाडीत मी भाच्याला म्हटले, "अरे, हरणारा संघ पाहण्यासाठी एवढा प्रवास करायचा?"

तो म्हणाला, "मामा, जिंकणाऱ्याला टाळ्या वाजवायला सगळेच येतात."

यावर मला उत्तर सुचले नाही.

२०१७ सालचा एप्रिल महिना संपत आला होता. आय लीग स्पर्धेत आमचा संघ अगदी शेवटच्या क्रमांकावर गेला आणि खालच्या श्रेणीत घसरला. त्या संध्याकाळी इमारतीखालच्या कट्ट्यावर मुलांची जणू शोकसभाच भरली होती. आता संघाचे काय होणार, ही एकच चिंता. आधीचे मालक संघ पुढे चालवतील का, की कोणी दुसरा धनिक येऊन तो विकत घेईल? कोणाला काहीच ठाऊक नव्हते. पण आशेला पुरावा लागत नाही. मुले आपल्या मनाने खरेदीदार ठरवू लागली आणि त्याच्या पैशाने नवे खेळाडूही आणू लागली.

"कोणीही घ्यावा," भाचा म्हणाला, "पण संघ जगला पाहिजे."

तळमजल्यावरचा त्याचा मित्र इंग्लंडमधील सामन्यांच्या बातम्या बारकाईने वाचत असे. तो म्हणाला, "कोणीही नको. ब्लॅकबर्नचे काय झाले, ते पाहा."

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडमधील १८७५ सालचा जुना संघ. १९९५ साली तो तेथील सर्वोच्च स्पर्धेचा विजेता ठरला होता. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या पुण्यातील वेंकीज या समूहाने तो विकत घेतला. मूळ व्यवसाय कोंबड्यांचा आणि अंड्यांचा. फुटबॉलचा अनुभव नाही. महिन्याभरात जाणता प्रशिक्षक दूर झाला आणि २०१२ साली संघ खालच्या श्रेणीत गेला. ज्या सामन्यात हे घडले, त्या सामन्यात संतापलेल्या प्रेक्षकांनी एक कोंबडीच मैदानात सोडली होती! आम्ही कट्ट्यावर बोलत होतो, त्या वेळी तोच संघ आणखी खाली, तिसऱ्या श्रेणीत जाण्याच्या बेतात होता, आणि पुढच्याच महिन्यात तो गेलाही.

कोंबडीची गोष्ट ऐकून त्या दुःखातही मुले खळखळून हसली. मग भाचा म्हणाला, "तरी त्यांचा संघ आहे ना? त्यांना निदान रागावता तरी येते!"

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. त्या मालकांवर कितीही टीका झाली, तरी संघाचा तोटा वर्षानुवर्षे तेच भरून काढत आले आणि २०१८ साली संघ पुन्हा एक श्रेणी वर चढला. मालक वाईट, म्हणून सारेच वाईट, इतका हा हिशेब सोपा नाही.

आमच्या शेजारी एक वृद्ध गोवेकर गृहस्थ राहतात. सारी मुले त्यांना अंकल म्हणतात. ते इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "बाळांनो, मी आमचा धेंपो क्लब पाच वेळा देशाचा विजेता झालेला पाहिला. गेल्या वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, तिन्ही संघ या स्पर्धेतून बाहेर पडले. ते काही हरले म्हणून गेले नाहीत. तुमच्या मुंबईतही महिंद्रा युनायटेड होता. १९६२ सालचा संघ, देशाचा विजेता झालेला. २०१० साली तोही बंद झाला. खेळात हरलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो. हिशेबाच्या वहीत हरलेल्या संघाला पुढचे वर्षच नसते."

अंकलचे हे शब्द खरे ठरले. मुंबई एफ. सी. पुन्हा मैदानात उतरला नाही. कट्ट्यावर कल्पिलेला खरेदीदार काही आला नाही.

याच सुमारास एक अद्भुत गोष्ट घडली. मिझोरममधील ऐजॉलचा संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरला होता. परंतु गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा वरच्या स्पर्धेत घेण्यात आले. आणि ३० एप्रिल २०१७ रोजी तो संघ चक्क देशाचा विजेता ठरला! ईशान्य भारतातील संघाला हा मान प्रथमच मिळाला. त्याचे प्रशिक्षक कोण होते? आदल्याच वर्षी आमच्या मुंबईच्या संघापासून दूर झालेले खालिद जमील. २०२५ साली तर ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. ती बातमी वाचताना भाच्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि खंत ही दोन्ही एकाच वेळी मला दिसली.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. संघ कोणाचा? कागदावर तो मालकाचा, यात शंका नाही. शेताच्या सातबाऱ्यावर नाव असते, त्याचेच ते शेत. पण त्या शेताच्या बांधावरच्या आंब्याखाली ज्यांनी बालपण घालवले, त्यांचे त्या आंब्याशी काहीच नाते नसते का? ते नाते कोणत्याही दप्तरात नोंदवलेले नसते. म्हणूनच आंबा तोडताना त्यांना कोणी विचारीत नाही.

उलट, परक्याच्या हाती गेले म्हणजे बिघडलेच, असेही नाही. मुंबई सिटी या मुंबईच्याच दुसऱ्या संघाचा मोठा हिस्सा २०१९ साली एका परदेशी समूहाने घेतला. त्यानंतर तो संघ २०२१ आणि २०२४ साली इंडियन सुपर लीगचा विजेता झाला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये स्पर्धेचे भवितव्य धूसर असताना तो समूह बाजूलाही झाला. मालक येतात, मालक जातात. काही फुले उधळून जातात, काही कुलूप लावून जातात. मैदानाच्या कडेचा प्रेक्षक मात्र तेथेच राहतो.

आता अलीकडची गोष्ट सांगतो. भाचा मोठा झाला, नोकरीस लागला. दर रविवारी सकाळी तो नगरातील लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. मुले आठवड्याला वीस रुपये वर्गणी काढतात आणि त्यातून चेंडू घेतला जातो. एका स्थानिक स्पर्धेत हा संघ सारे सामने हरला आणि 'अ' गटातून 'ब' गटात ढकलला गेला. त्याच आठवड्यात एक व्यापारी गृहस्थ भाच्याकडे आले. बूट, कपडे, मैदानाचे भाडे, सारे काही देण्याची त्यांची तयारी होती. अटी दोनच: संघाला त्यांच्या दुकानाचे नाव द्यायचे आणि संघात कोण खेळणार, हे त्यांनी ठरवायचे.

भाच्याने तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. त्याने मुलांना गोलाकार बसवले आणि सारे त्यांच्यापुढे मांडले. कौतुकाने मीही जाऊन बसलो. पाहतो तो काय, २०१७ सालचा कट्टाच जणू पुन्हा भरला होता! कोणी म्हणाले, "बूट मिळतील, हो म्हणू या." कोणी म्हणाले, "मग आपल्यातला एखादा बाहेर जाईल." फाटके बूट घालून खेळणारा एक मुलगा खाली मान घालून बसला होता; त्याच्याकडे पाहून कोणाला ठामपणे नाही म्हणवेना. एवढ्यात दहा वर्षांच्या गोलरक्षकाने विचारले, "सर, नाव बदलले, तर आपण हरलेले सामने कोणाचे?"

सारे हसले. भाचा मात्र हसला नाही. मलाही हसू आले नाही. जिंकलेले सामने कोणीही विकत घेईल; हरलेले सामने ज्याचे त्यालाच सांभाळावे लागतात. त्या मुलाने नकळत माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. जो संघाचे पराभव आपले मानतो, त्याचा संघ.

मुलांनी ठरवले, की कपड्यांवर त्या गृहस्थांच्या दुकानाचे नाव आनंदाने छापावे. पण संघाचे नाव शांती नगरच राहावे आणि खेळाडू निवडण्याचे काम सरांकडेच असावे. भाच्याने हा निरोप नम्रपणे कळवला. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. कदाचित येणारही नाही. तोवर फाटके बूट घालणाऱ्या मुलासाठी मुलांनी वर्गणी वीसची पंचवीस रुपये केली आहे.

यंदाच्या दिवाळीत मी बहिणीच्या घरी गेलो, तेव्हा साफसफाई चालली होती. कपाट रिकामे झाले, पिवळी जर्सी बाहेर आली. भाचा घरात नव्हता. मुलांना घेऊन मैदानावर गेला होता. आता काय होते, म्हणून मी पाहत राहिलो. बहिणीने जर्सी उलटसुलट करून पाहिली, बाहीची उसवण बोटाने चाचपली आणि ती मला म्हणाली, "दादा, त्या खिडकीतला सुईदोरा दे बघू."

मी मुकाट्याने उठलो आणि सुईदोरा तिच्या हाती दिला.