गोलंदाजांची पुस्तकं

मलिक-ए-मैदान तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ती ओतली गेली आमच्या नगरला. हे मला पहिल्यांदा सांगितलं ते १८८४ च्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरने. नेवाशात शाळेत असताना एका सरांकडे तो जाड इंग्रजी खंड होता. अर्धी वाक्यं कळत नव्हती, तरी नगरची तोफ मनात पक्की बसली: १५४९ साल, बुऱ्हाण निजामशहाची कारकीर्द, सुमारे ५५ टन वजन, आणि हत्तीला जबड्यात धरलेल्या श्वापदाचं तोंड. ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच कोरलेलं आहे, मुहंमद बिन हसन रूमी, म्हणजेच रूमीखान. एवढा मोठा कारागीर, आणि धातूवरच्या त्या ओळींपलीकडे त्याचा स्वतःचा एक शब्द उरलेला नाही. तोफांच्या पुस्तकांच्या मागे मी लागलो तो तेव्हापासून.

पुण्याला शिकायला गेलो तेव्हा अर्विनचं मोगल सैन्यावरचं १९०३ चं पुस्तक वाचलं. मग सुरेंद्रनाथ सेनांचं मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरचं, १९२८ चं. बंगाली माणूस मराठी शिकतो, आपली कागदपत्रं वाचतो, याचं मला फार अप्रूप होतं आणि अजून आहे. माधवराव पेशव्यांच्या काळातला आंबेगव्हाणचा तोफगोळ्यांचा कारखाना मला त्यांनीच दाखवला. पण मराठ्यांचा तोफखाना परक्यांच्या हातावर उभा होता, हा त्यांचा ठपका वाचून मी बराच काळ खट्टू होतो.

त्याला उत्तर मिळालं ते रँडॉल्फ कूपरच्या २००३ च्या ग्रंथात. १८०३ च्या युद्धात शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या तोडीच्या होत्या, हे तो कागदपत्रांनिशी मांडतो. त्या युद्धाची वाट तर आमच्याच तालुक्यातून गेलेली. ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला घेतल्यावर इंग्रज सेनापती वेलस्लीचं सैन्य टोक्याला गोदावरी उतरलं. तिथल्याच प्रवरासंगमावर आम्ही पर्वणीला जायचो, सिद्धेश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसायचो. तोच हा उतार! महिन्याभरातच, २३ सप्टेंबरला, असईला शिंद्यांच्या गोलंदाजांनी त्याच सैन्याची अशी दाणादाण उडवली की वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, कित्येक जण तोफेपाशीच कापले गेले. लढाई इंग्रजांनी जिंकली, तोफाही त्यांनीच नेल्या. त्या गोलंदाजांचं शौर्य मात्र आपल्याला कळतं ते शत्रूच्या पत्रांतून.

माझ्या मते तोफांवरचं सर्वांत मोठं पुस्तक बिरिंगुच्चो या इटालियन धातुकाराचं. ते १५४० मध्ये व्हेनिसला छापलं गेलं, म्हणजे रूमीखानाच्या तोफेआधी नऊ वर्षं. मी ते इंग्रजी भाषांतरात वाचलं. साच्याच्या मातीत लोकरीची कातर आणि लीद कशी मळायची, साचा कसा भाजायचा, खड्ड्यात उभा कसा पुरायचा, रस ओतताना काय बिनसतं, सगळं हाताने काम केलेल्या माणसाच्या बोलीत. नगरच्या भट्टीवर यातलं काय ठाऊक नसेल? उलट, इतकं मोठं ओतकाम निभावलेल्या माणसाने त्यालाच चार गोष्टी शिकवल्या असत्या. फरक पडला तो लिहिण्याने. मी नेवाशाचा आहे, पैसाच्या खांबासमोर वाढलो. तिथेच ज्ञानेश्वर ज्ञानेश्वरी बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं, म्हणून १२९० सालचं ते बोलणं आज आपल्या हातात आहे. रूमीखानाशेजारी कोणी सच्चिदानंदबाबा बसले नव्हते, याची हळहळ मला बिरिंगुच्चो वाचताना पानोपानी वाटली.

ही हळहळ कमी केली ती भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोड्यांनी. हिंदुस्थानातल्या दारूकामाच्या इतिहासावरची त्यांची पुस्तिका जेमतेम हातभर मजकुराची, १९५३ ची. पण त्यांची नजर बघा. रणांगणावरच्या बखरी सोडून ते लग्नाच्या वरातीत शिरतात. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरात आलेली शोभेच्या दारूची नावं टिपतात आणि त्यावरून सोळाव्या शतकात दारूकाम किती रुळलं होतं ते दाखवतात. ज्या नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यांच्याच काव्यात बाण-हवयांचा पुरावा! गोड्यांमुळे मला कळलं की आपल्याकडे लिहिलेलं अगदीच नाही असं नाही. ते तोफेच्या नावाने लिहिलेलं नाही, एवढंच. ते कवितेत आहे, शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशात आहे, आणि सगळ्यांत जास्त पेशवे दफ्तराच्या रुमालांत आहे: तांबं किती आलं, कोळसा किती लागला, बैल किती जुंपले, गोलंदाजाला रोजमुरा काय दिला.

उतारवयात मी मोडी शिकलो ती या हिशेबांसाठी. पेशव्यांचा, पानशांच्या हाताखालचा तोफखाना कसा चालत होता हे सेनांच्या पुस्तकात वाचलं होतं, आता मूळ कागदावर एकेक ओळ लावतो आहे. जिथे गोलंदाजाचं नाव लागतं, तिथे ते वेगळ्या वहीत उतरवून ठेवतो, गावासकट.