खोगीर आणि भरती

‘खोगीरभरती’ हा शब्द मराठी समीक्षेने इतका वापरला आहे, की त्यातला घोडा केव्हा निसटून गेला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. कादंबरी शंभर पानांनी फुगली, प्रबंधात अवतरणे माजली, गौरवग्रंथात नको ते लेख कोंबले गेले, की आपण हा शब्द उच्चारतो. पु. ल. देशपांडे यांनी तर आपल्या एका पुस्तकाला मिस्कीलपणे हेच नाव दिले. पण खोगिरात भरतात ते नेमके काय, असे वर्गात एखाद्याने विचारले तर शब्दकोशाकडे धाव घ्यावी लागते. ‘तोबरा’ आता फक्त पानाचा उरला आहे. ‘दावणीला बांधलेला लेखक’ म्हणताना दावण कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. निवडणूक निकालाच्या दिवशी दिवसभर कानांवर आदळणारी ‘पिछाडी’ ही घोड्याचे मागचे पाय बांधण्याची दोरीही असते, हे आज कितीजणांना ठाऊक असेल? जी भाषा काही शतके घोड्याच्या पाठीवर बसून हिंडली, तिच्याकडे आज वाक्प्रचार शिल्लक आहेत आणि जनावर नाही.

या शब्दांतल्या काही वस्तू मला प्रत्यक्ष भेटल्या त्या महाराष्ट्रात नव्हे, किर्गिझस्तानातल्या एका तळ्याकाठी. २०१९च्या जुलैमध्ये आम्ही तिघे प्राध्यापक किझार्ट या गावाहून घोड्यांवरून सोन-कुल सरोवराकडे निघालो. हे सरोवर समुद्रसपाटीपासून ३,०१६ मीटर उंचीवर आहे. विस्ताराने ते त्या देशात इसिक-कुलच्या खालोखाल येते. हिवाळ्यात ते गोठते. जूनमध्ये बर्फ वितळले, की मेंढपाळ कुटुंबे कळप घेऊन वर येतात आणि सप्टेंबरात उतरतात. काठावर झाड म्हणून नाही. नुसते गवत, आणि त्यात लांबलांब विखुरलेली पांढऱ्या नमद्याची घरे. सरपण नसल्यामुळे चूल वाळलेल्या शेणावर पेटते. त्याला तिथे ‘तेझेक’ म्हणतात. आपल्याकडच्या गोवरीचीच ती बहीण.

आमच्या वाटाड्याला सगळे ‘बाइके’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत. पहिल्या सकाळी निघायची आम्हांला घाई आणि बाइके एकेका घोड्याच्या पाठीशी रेंगाळत राहिलेले. आधी पाठीवरून उघडा तळवा फिरवायचा, मग नमदा घालायचा, वर आणखी एक घडी, मग खोगीर. तंग आवळण्याआधी पुन्हा खाली हात घालून चाचपायचे. एका नमद्यात त्यांना गवताचे एक कुसळ सापडले. तेवढ्यासाठी सगळा साज उतरवून त्यांनी तो पुन्हा चढवला. रशियन जाणणाऱ्या आमच्या सहकारी बाईंनी कारण विचारले तेव्हा म्हणाले, इथे एक गोळा राहिला तर दुपारपर्यंत पाठ सोलवटते, आणि मग घोडा सांगत नाही, नुसता थांबतो.

आपण समीक्षेत ‘भरती’ला दोष मानून बसलो आहोत. प्रत्यक्षात भरतीवाचून खोगीर म्हणजे लाकडाचा सांगाडा, आणि तो माणसालाही टोचतो, जनावरालाही. प्रश्न भरती असण्याचा नसून ती सारखी बसण्याचा आहे. मोठ्या कादंबरीतली पाल्हाळाची पाने याच कसोटीवर पाहावीत, असे त्या सकाळपासून मला वाटत आले आहे.

संध्याकाळी पाण्यापासून थोडे दूर तंबू ठोकले. तिथला क्रम ठरलेला होता. उतरल्यावर तंग सैल करायचा, पण घामेजलेल्या पाठीवरचे खोगीर लगेच काढायचे नाही. घोडे निवल्यावर पाणी, मग चारा, आणि माणसांचा चहा त्यानंतर. रात्री चामड्याच्या पट्ट्याने पुढचे पाय जवळ बांधून त्यांना चरायला सोडत. अंधारात तंबूच्या कापडापलीकडे गवत तोडल्याचा आवाज पहाटेपर्यंत चाले. शेजारच्या घरापुढे खुंट्यांच्या दरम्यान जमिनीलगत एक लांब दोर ताणलेला होता आणि त्याला शिंगरे बांधलेली होती. ती दावणच होती. शिंगरू बांधलेले असले की घोडी लांब जात नाही. दिवसातून अनेकदा शिंगराला क्षणभर लावायचे, पान्हा सुटला की बाजूला घ्यायचे आणि दूध काढायचे. ते आंबवून कुमिस होते. रात्री शिंगरे मोकळी सुटतात आणि रात्रीचे दूध त्यांचे असते. ‘दावणीला बांधणे’ या आपल्या वाक्प्रचारात फक्त गुलामी उरली आहे. त्या दोरात हिशोब होता आणि वाटणीही होती.

चिंगीझ ऐत्मातोव यांच्या ‘गुलसारी, अलविदा’ (१९६६) या कादंबरीत याच मुलखातला एक घोडा आहे. नावातले ‘गुल’ आपल्या ओळखीचे आहे, ‘सारी’ म्हणजे पिवळा. पिवळ्या फुलाच्या नावाचा हा चालीचा घोडा सामुदायिक शेतीचा अध्यक्ष आपल्या स्वारीसाठी तानाबाईकडून काढून घेतो. तो पुनःपुन्हा कळपाकडे पळून येतो, म्हणून त्याच्या पायांत लोखंडी बेडी घालतात. वर्गात आपण त्या बेडीला व्यवस्थेचे प्रतीक म्हणतो आणि पुढे जातो. प्रतीक ती आहेच. पण पाय बांधलेला घोडा पाण्याकडे जाताना दोन्ही पुढचे पाय एकदम उचलून उडी घेतो, धापकन पडतो, पुन्हा उडी घेतो. चामड्याचा पट्टा रात्रीपुरता असतो आणि सकाळी ज्याने बांधला तोच सोडतो. बेडीला कुलूप असते आणि किल्ली दुसऱ्याकडे. ऐत्मातोवच्या पहिल्या वाचकांना हा फरक सांगावा लागला नसेल.

हे सारे पाहुण्याचे हळवेपण आहे, असा आक्षेप कोणी घेईल. बाइकेंच्या मनात तो हळवेपणा नव्हता. स्वतःच्या घराचे सामान ते ट्रकने वर आणतात. हिवाळ्यात घोड्याचे मांस खातात, आणि तेही त्यांनी घोड्याच्या मानेवर हात ठेवूनच सांगितले. प्रेम आणि उपयोग यांच्या मध्ये आपण जी भिंत बांधतो, ती त्यांच्या भाषेत नसावी.

आणि घोडा महाराष्ट्रातून खरोखरच गेला आहे का? तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे आजही चालीला नावे आहेत. दिवाळीच्या सुमारास साताऱ्याकडचे धनगर घाट उतरून कोकणात जातात, तेव्हा त्यांच्या तट्टांवर अख्खा संसार असतो: भांडी, घोंगडी, कोंबड्या, कधी नुकतेच जन्मलेले कोकरू. रस्त्याकडेच्या शेतात त्यांचा ‘वाडा’ पडतो आणि आपल्या गाड्या त्याच्या बाजूने जातात. आपल्या भाषाविभागांपासून हा वाडा फार तर तासाभराच्या अंतरावर असेल.

यंदा दोन विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जायचे ठरवले आहे. तट्टाच्या पाठीवर ओझ्याखाली जी घडी घालतात, तिला धनगर बायका काय म्हणतात, एवढेच विचारायचे आहे. माझ्या टेबलावरच्या कोशांत तो शब्द नाही.