म्हाताऱ्याचा डबा

मे महिन्यात भाचा आला की घरातल्या दोन गोष्टींवरचा माझा हक्क संपतो : कूलरसमोरची जागा आणि कॉम्प्युटर. यंदा तो आठ वर्षांचा आहे आणि त्याला सगळ्याच गोष्टींची क्रमवारी लागते. मिसळीचीही लागते. चौथ्या दिवशी दुपारी त्याने विचारलं, "मामा, तुझे टॉप फाइव्ह जेआरपीजी कोणते?"

जेआरपीजी म्हणजे जपानी रोल प्लेइंग गेम. युजी होरीईच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने १९८६ साली जपानमध्ये याचा जो साचा पाडला, तो आजही ओळखू येतो : पाळीपाळीने होणारी लढाई आणि वाचायला मजकूर, भरपूर मजकूर. एकेक गेम चाळीस-पन्नास तास चालतो. पाच नावं सांगणं अवघड नव्हतं, अशा याद्या पैशाला पासरी मिळतात. अडचण एवढीच, की यातले निम्मे गेम मी एकट्याने खेळलेलोच नाही. मी ते वाचून दाखवलेत.

२००५ साली आम्ही जुन्या नाशकात, तिवंधा चौकाजवळच्या वाड्यात राहत होतो. कॉम्प्युटर आजीच्या खोलीत होता, कारण थ्री-पिनचं बटण तिथेच होतं. मी अकरावीत होतो. धाकटी बहीण सातवीत, मराठी शाळेत. तिला इंग्रजी वाचता यायचं, पण पडद्यावरचा एक खोका वाचून होईपर्यंत माझं बोट बटणावर गेलेलं असायचं. मग ती ओरडायची, आणि पलंगावरून आजी विचारायची, "काय म्हणतोय तो?" म्हणून मी प्रत्येक खोका मोठ्याने मराठीत सांगू लागलो. गेम कॉपी केलेल्या सीड्यांवर यायचे. विकत घ्यायचे म्हटलं तरी नाशकात तेव्हा ते विकत कोण होतं! (ही सबब आहे, हे मला कळतं.) भारनियमनाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असायचं आणि वीज जायच्या आत नायकाला सेव्ह करायच्या जागेपर्यंत पोचवायचं, ही रोजची शर्यत. जुन्या गेमयंत्राची कॉम्प्युटरवर नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये वाट्टेल तिथे सेव्ह करता यायचं; पण बहिणीच्या मते ती चीटिंग होती.

वाचून दाखवण्याच्या या कामाला जपानीत एक शब्द आहे, हे मला फार उशिरा कळलं. मूकपटांच्या काळात तिथल्या थिएटरांत पडद्याशेजारी उभं राहून सगळ्या पात्रांचे संवाद बोलणारा आणि गोष्ट सांगणारा माणूस असे. त्याला 'बेन्शी' म्हणत. दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ बेन्शी होता. लोक नुसता सिनेमा बघायला नाही, तर अमुक बेन्शीला ऐकायला जात. पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलो की मला हटकून हे आठवतं. त्र्यंबकला जन्मलेल्या, नाशकात स्टुडिओ चालवलेल्या दादासाहेबांचे मूकपट लागत, तेव्हाही वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी पाट्या मोठ्याने वाचून दाखवत असणारच.

तर माझी यादी ही बेन्शीची यादी आहे. मराठीत सांगता आलेले गेम त्यात राहिले, बाकीचे गळले.

'क्रोनो ट्रिगर' राहिला. १९९५चा हा गेम सुरू होतो एका जत्रेत. जत्रेत पाळणे, शर्यती, आणि एका टेबलावर कुणाचा तरी डबा. आपण तो खातो. गेममध्ये दिसेल ते उचलायचं असतं, हा धर्मच. पुढे तास-दोन तासांनी नायकावर राजकन्येला पळवल्याचा खटला भरला जातो आणि साक्षीला उभा राहतो तो डब्याचा मालक! राजकन्येला धक्का लागला तेव्हा आधी तिला उठवलंस की तिचं पडलेलं लॉकेट उचललंस, हेही तिथे निघतं. मी हे मराठीत सांगितलं, तेव्हा आजी उठून बसली. म्हणाली, "चित्रगुप्त आहे हो त्यात." जपानी गेमवरची यापेक्षा नेमकी समीक्षा मी अजून वाचलेली नाही.

त्याच गेममध्ये शापाने बेडूक झालेला एक सरदार आहे. इंग्रजीत तो चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकातल्यासारखा बोलतो, म्हणून मी त्याच्या तोंडी बखरीतली मराठी घातली. "आम्हांस जळात राहणे नामंजूर" वगैरे. बहीण त्याला बेडूकराव म्हणायची. बऱ्याच वर्षांनी कळलं, की मूळ जपानीत हा बेडूक असा बोलतच नाही; साधं, जरा उर्मट बोलतो. ते जुनं इंग्रजी अनुवादक टेड वुल्सीने त्याला बहाल केलं होतं. म्हणजे माझे बेडूकराव मुळापासून दोन पायऱ्या दूरचे. आता मला मूळ बेडूक नको आहे.

'फायनल फँटसी सेव्हन'ला सगळे पहिला नंबर देतात. माझ्याकडच्या संचातली तिसरी सीडी चरे पडलेली होती, त्यामुळे शेवट कधी लागलाच नाही, आणि नंतर मुद्दाम बघावासा वाटला नाही. आठव्या भागात नायकाच्या टोळीतली जवळजवळ सगळी मंडळी एकाच अनाथाश्रमात वाढली होती आणि ते विसरून गेली होती, असं निघालं. आजी म्हणाली, "हे आपल्या सिनेमात असतं," आणि कूस बदलली. पुढे त्यातला काळाचा गुंता मला काही मराठीत सोडवता आला नाही.

पहिला नंबर 'सुईकोडेन टू'चा. १९९८चा. जुन्या चिनी कादंबरीतल्या एकशे आठ वीरांची कल्पना घेतलेला. ओस पडलेल्या एका गावातल्या गढीत नायक बिऱ्हाड थाटतो आणि एकेक माणूस जमवत जातो : लढवय्ये तर असतातच, पण आचारी, लोहार, कपडे धुणारी बाईसुद्धा. आकडा ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे एक माळ." तेव्हापासून नवा माणूस आला की ती जपमाळेचा एक मणी सरकवायची आणि तिथे दोऱ्याची गाठ मारायची. गढीत दुकानं लागली, लोक जिन्यात गप्पा मारू लागले, तेव्हा म्हणाली, "वाडा नांदता झाला म्हणायचा." आमच्या वाड्यात त्या वर्षी उलटा हिशेब चालला होता. सातपैकी तीन भाडेकरू सोडून गेले होते आणि मागच्या सोप्याला टेकू लावला होता.

या गेममध्ये नायकाबरोबर एकाच आजोबांनी वाढवलेली त्याची मानलेली बहीण असते, सतत बडबडणारी. सगळी माणसं वेळेत जमली नाहीत, तर ती जाते. आमची जमली नव्हती. ती गेली, आणि माझी बहीण माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तू नीट वाचलं नाहीस." खरं होतं ते. जेवायला हाक आली म्हणून मी मध्ये कुणाचं तरी बोलणं गाळलं होतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. आजीने माळेच्या गाठी सोडल्या. त्या खेपेला मी दुकानदारांचंही अक्षर न् अक्षर सांगितलं.

'पर्सोना फोर'ची सुधारित आवृत्ती जून २०२०मध्ये कॉम्प्युटरवर आली. लॉकडाऊन होता. वाडा पडला होता, आजी गेली होती, बहिणीचं लग्न होऊन तिला हा मुलगाही झाला होता. मी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये हेडफोन लावून एकटा बसलो होतो. यातली पात्रं बरीचशी स्वतःच बोलतात. वाचून दाखवायचं कामच उरलेलं नाही. एक मुलगा रेल्वेने लहानशा गावाला येतो, वर्षभर आईच्या धाकट्या भावाकडे राहायला. इंग्रजी त्याला नुसतं 'अंकल' म्हणतं. अरे, हा तर मामा! आणि ती चिमुरडी, जी नायकाला जरा अवघडून 'बिग ब्रो' म्हणते, ती मामेबहीण, आणि ती 'दादा' म्हणतेय. रिकाम्या खोलीत मी हे मोठ्याने बोललो. मामा पोलिसात असतो, रात्री उशिरा येतो, घरात त्याला जमते ती कॉफी.

भाच्याला मी तीन नावं सांगितली. तो म्हणाला, "अजून दोन?" मी म्हटलं, "बघू." मग 'क्रोनो ट्रिगर' लावून दिला. विकत घेतलेला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, तो खोके वाचतो की नुसते उडवतो ते कळत नाही. मी मागे खुर्ची घेऊन बसलो. दोनदा "थांब, काय म्हणाला तो?" असं विचारलं. त्याने मान न वळवता मला मराठीत सांगितलं, थोडं गाळून.

जत्रेत शिरल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं, टेबलापाशी गेला आणि बटण दाबलं. डबा संपला.

मी काही बोललो नाही. खटल्याला अजून तासभर अवकाश होता.