मागच्या चाकाचे चार दाते

माझी लेक नववीत शिकते. शाळा घरापासून ५ किलोमीटरवर, वाटेत दोन चढ. दोन्ही चढांवर ती उतरून सायकल ढकलायची आणि घरी आल्यावर गुडघे चोळत बसायची. दादीने तर सांगूनच टाकले, "पोरीच्या जिवाला एवढी दगदग नको. रिक्षा लाव, नाहीतर जवळच्या शाळेत घाल." रोजची रिक्षा आम्हाला परवडत नाही आणि जवळच्या शाळेत दहावीचा वर्ग नाही. सायकलवरून सुरू झालेली गोष्ट अशी तिच्या शिक्षणापर्यंत येऊन ठेपली.

मी उर्दू शाळेत गणित शिकवतो. एका रविवारी लेकीला सोबत घेऊन सायकलचे दाते मोजले. पायडलजवळच्या चक्राला ४४, मागच्या फ्रीव्हीलला १८. वर्गात ज्याला आम्ही 'निस्बत' म्हणतो आणि मराठीत गुणोत्तर, ते इथे सुमारे २.४४ होते. म्हणजे पायडलच्या एका फेरीत २६ इंची चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. सपाटीवर हे ठीक, पण चढावर तेवढाच जोर पायावर येतो. फ्रीव्हील २२ दात्यांचे घातले, तर गुणोत्तर बरोबर २ होते. एका फेरीत अंतर ४ मीटरच्या आसपास पडते, पण पायाला जोर सुमारे १८ टक्के कमी लागतो.

आमच्या नाक्यावरच्या सायकलवाल्या चाचांनी हे काम तासाभरात केले. पायडल मारताना फ्रीव्हील घट्टच होत जाते, त्यामुळे जुने काढायला वेगळा पाना आणि चांगलाच जोर लागला. मोठ्या फ्रीव्हीलला चेन आखूड पडली, म्हणून तिच्यात कडी वाढवली. चाक थोडे सरकले की ब्रेकही पुन्हा जुळवावा लागतो आणि चेन कव्हरला घासते का तेही पाहावे लागते. सीट खाली असली तर गुडघे जास्त वाकतात, म्हणून तीही दोन बोटे वर घेतली. सगळा खर्च आठवड्याच्या रिक्षाभाड्याहून कमी आला.

आता सपाट रस्त्यावर पाय जास्त फिरवावे लागतात. शाळेत पोहोचायला तीन-चार मिनिटे अधिक जातात, म्हणून ती तेवढी लवकर निघते. पहिला चढ बसूनच चढते. दुसऱ्याच्या माथ्यावर अजून कधी कधी उतरते, पण गुडघ्यांची तक्रार थांबली आहे. शाळा बदलण्याचा विषयही घरात पुन्हा निघालेला नाही.

आपल्या अनेक घरांतल्या मुली आठवी-नववीत सायकलवर बसतात आणि वर्षभरात ती कोपऱ्यात उभी राहते. मुलीच्या अंगात ताकद नाही असे ठरवण्याआधी एकदा मागच्या चाकाचे दाते मोजून पाहा.